वादातील वाटेकरी : एका न्यायनियमाचा इतिहास

वादाच्या फळातील हिस्सा ठरवून दुसऱ्याचा दावा चालविणे, यास इंग्रजी कायद्यात ‘चँपर्टी’ असे नाव आहे. हा शब्द जुन्या फ्रेंचमधील ‘शांपार’, म्हणजे शेताच्या पिकातील वाटा, या शब्दावरून आला. आपल्याकडील अर्धेलीच्या व्यवहाराशी त्याचे साम्य उघड आहे; भेद इतकाच की येथे पिकाऐवजी वादाचीच लागवड होते.

इंग्लंडमध्ये 1275 च्या वेस्टमिन्स्टर कायद्याने राजाच्या अधिकाऱ्यांस असे करार करण्यास मनाई केली. बलाढ्य सरदारांनी दुर्बलांचे दावे विकत घेऊन न्यायालये वेठीस धरू नयेत, हा त्यामागील हेतू होय. पुढे हे कृत्य सर्वांसाठीच गुन्हा ठरले, व तो गुन्हा 1967 मध्ये रद्द झाला.

हा निर्बंध हिंदुस्थानास लागू होतो काय, हा प्रश्न 1876 मध्ये रामकुमार कुंडू विरुद्ध चंद्रकांत मुखर्जी या खटल्यात प्रिव्ही कौन्सिलपुढे आला. मॅक्वीन दांपत्याने जमिनीच्या मालकीसाठी कुंडू याजवर दावा केला होता. त्यास पैसा मुखर्जी यांनी पुरविला होता. 1872 मध्ये कुंडू जिंकला, आणि मग त्या दाव्यापायी झालेला खर्च त्याने मुखर्जी यांजकडून मागितला. प्रिव्ही कौन्सिलने ती मागणी फेटाळली. चँपर्टीचा इंग्रजी कायदा येथे, इलाख्यांच्या राजधान्यांतही, लागू नाही. वाटा घेऊन पैसा पुरविण्याचा रास्त करार केवळ तेवढ्यावरून अवैध नव्हे, कारण निर्धनास आपला हक्क मिळविण्याचे तेच एक साधन असू शकते. मात्र करार पिळवणुकीचा किंवा जुगारी वृत्तीचा असल्यास तो अमलात आणू नये, असे तत्त्व सांगितले गेले.

या निर्णयाने निर्धन वादीस आधार दिला, हे खरे. परंतु त्याची दुसरी बाजूही ध्यानात घेतली पाहिजे. वाद जिंकल्यास वाटा घेणारा, हरल्यास मात्र पडद्याआड राहू लागला, भुर्दंड प्रतिवादीस.

ही उणीव मुंबई उच्च न्यायालयाने 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या 25 व्या आदेशात केलेल्या दुरुस्तीने बऱ्याच अंशी भरून काढली. दाव्यासाठी पैसा मिळावा म्हणून वादीने दाव्यातील मिळकतीचा हिस्सा त्रयस्थास दिला, वा देण्याचे कबूल केले, तर न्यायालय त्या त्रयस्थास त्याच्या संमतीने वादी करू शकते. त्याने नकार दिल्यास त्यास प्रतिवादी करता येते. दोन्ही प्रसंगी खर्चासाठी त्याजकडून तारण मागता येते. ते न दिल्यास मिळकतीतील त्याचा हक्कच अडतो. करार मोडावयाचा नाही, परंतु करार करणाऱ्यास समोर उभे करावयाचे, हे या नियमाचे सूत्र होय.

वकिलांच्या बाबतीत कायदा अधिक कठोर राहिला. वसुलीच्या निम्म्या वाट्यावर काम पत्करणाऱ्या मुंबईच्या एका वकिलाच्या प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने 1954 मध्ये असा करार व्यावसायिक गैरवर्तन ठरविला. इतर कोणी तो केला असता तर तो वैध ठरला असता, असेही नमूद केले. 2018 मध्ये बार कौन्सिल विरुद्ध बालाजी या खटल्यात, वकील नसलेल्या त्रयस्थाने दाव्यास पैसा पुरवून निकालानंतर तो परत घेण्यास बंदी दिसत नाही, असे त्याच न्यायालयाने म्हटले.

तथापि मुंबईचा नियम करार आपण होऊन उघड करण्याचे सर्वसाधारण कर्तव्य कोणावर लादत नाही. करार न्यायालयाच्या दृष्टीस पडला तरच तो उपयोगी पडतो. वाटेकऱ्यास कायद्याने केव्हाच मान्यता दिली; त्याने आपले नाव प्रथमच सांगावे काय, हा 1876 मध्ये बाजूस राहिलेला प्रश्न मात्र या नियमानेही पूर्णपणे सुटलेला नाही.