कंटेनर, स्थानिक विकासासाठी : स्वयंचलित उभारणी

सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याच्या स्वतःच्या संगणकावर, परंतु त्या संगणकाच्या मूळ व्यवस्थेपासून अलग राखलेल्या परिसरात, कामास लागणारी भाषा, लायब्ररी, डेटाबेस आदी सामग्री एकेक हुकूम हाताने न देता लिखित फायलीच्या आधारे मांडून घेण्याची पद्धती. प्रत्येक कंटेनरास प्रक्रिया, फायली व नेटवर्क यांचे निराळे दर्शन घडविणारी नेमस्पेस आणि प्रोसेसर व मेमरी यांच्या वापरावर मर्यादा घालणारे सीग्रुप, या लिनक्स कर्नलमधील दोन तजविजींवर तिचा पाया आहे. सीग्रुप २००८ साली कर्नलमध्ये दाखल झाले. कंटेनर रचून चालविणारे डॉकर हे साधन २०१३ मध्ये सॉलोमन हाइक्स यांनी प्रकट केले. तत्पूर्वीच, २०१० मध्ये, मिचेल हाशिमोतो यांच्या व्हेग्रंटने एका छोट्या दस्तऐवजातून संपूर्ण आभासी संगणक उभा करण्याचा प्रघात पाडला होता. कंटेनरांनी तो प्रघात स्वीकारला आणि प्रत्येक वेळी नवे कर्नल चालविण्याचे ओझे मात्र टाकून दिले.

या पद्धतीत सर्वांत विचारार्ह तत्त्व म्हणजे पुनरावृत्तीतील अविकार होय. साधी शेल स्क्रिप्ट एखाद्या संरचना-फायलीत ओळ जोडावयास सांगते, आणि तीच स्क्रिप्ट दुसऱ्यांदा चालविली असता ती ओळ निमूटपणे दोनदा लिहिली जाते. याउलट मायकेल डिहान यांनी २०१२ मध्ये आणलेल्या अॅन्सिबल या साधनाच्या प्लेबुकात, म्हणजे कार्यसूचीच्या फायलीत, कृतीऐवजी इष्ट स्थिती नमूद करतात, म्हणजे अमुक पॅकेज असावे, अमुक ओळ असावी, आणि स्थिती आधीच तशी असल्यास साधन काहीही न करता पुढे जाते. प्लेबुकातून शेल-मोड्यूलने थेट दिलेल्या हुकमांना मात्र हे अभय आपोआप लाभत नाही, ही गोष्ट नवशिके हमखास विसरतात.

डॉकरफाइलचा, म्हणजे ज्या प्रतिमेपासून (साच्यापासून) कंटेनर चालतो ती घडविणाऱ्या फायलीचा, मार्ग वेगळा. तीत फायलींत बदल करणाऱ्या प्रत्येक सूचनेचा एक थर बनतो, आणि एखादा थर बदलला की त्यापुढील सर्व थर नव्याने रचले जातात. म्हणून अवलंबित पॅकेजांची यादी आधी आणि नित्य बदलणारा मूळ कोड नंतर आणण्याचा रिवाज आहे. पुढील थरात पुसलेली फाइल मागील थरात शाबूत राहत असल्यामुळे पासवर्ड डॉकरफाइलमध्ये लिहिणे सर्वथा गैर होय. अनेक कंटेनरांचा एकत्र बंदोबस्त डॉकर कंपोज पाहते. त्याचा पूर्वज फिग हे साधन होय.

फाइल एकच असल्याने परिसरही सर्वत्र एकच होईल, हा समज अर्धाच खरा आहे. पायाभूत प्रतिमेची आवृत्ती निश्चित न करता ‘लेटेस्ट’ असा मोघम निर्देश केल्यास आज व सहा महिन्यांनी मिळणारी सामग्री भिन्न असू शकते. मॅकओएसवर लिनक्स कर्नल नसल्याने कंटेनर एका पडद्याआडच्या आभासी लिनक्स संगणकात चालतात, आणि यजमान संगणकाच्या फोल्डरातील फायली वाचण्यास त्यांना अधिक वेळ लागतो. खुद्द लिनक्सवर ही दिरंगाई नसली, तरी कंटेनरातील रूट वापरकर्त्याने जोडलेल्या फोल्डरात निर्माण केलेल्या फायली बहुधा यजमानाच्याही रूटच्या मालकीच्या होतात, आणि प्लेबुकात वा कंपोज-फायलीत योग्य वापरकर्ता-क्रमांक नेमून दिल्यास ही तक्रार मिटू शकते.