फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्स : इटलीतील टस्कनी प्रांताची राजधानी. इटालियन नाव फिरेन्झे. लोकसंख्या सुमारे साडेतीन लाख. आर्नो नदीकाठी रोमनांनी वसविलेल्या वसाहतीचे लॅटिन नाव फ्लोरेन्तिया, म्हणजे फुललेली, भरभराटीची. इंग्रजांनी ते फ्रेंचमार्गे फ्लॉरेन्स असे उचलले आणि मराठीत तेच रूढ झाले. शहराच्या चिन्हावर तांबडे लिलीचे फूल आहे. 1252 पासून पाडलेल्या येथील सोन्याच्या नाण्यावरही हेच फूल असे. ते फ्योरिनो नाणे युरोपभर चालले आणि त्यावरून पुढे इंग्लंडसह अनेक देशांतल्या नाण्यांना फ्लोरिन नाव पडले. दान्तेचा जन्म, मेदिची घराण्याची सत्ता, ब्रुनेलेस्कीचा घुमट हे सर्व प्रसिद्धच असल्याने येथे विस्तार केलेला नाही.

व्यक्तिनाम म्हणून फ्लॉरेन्स इंग्लंडमध्ये पूर्वी क्वचित आढळे, तेही कधी पुरुषांचे. ते घरोघरी पोहोचले एका परिचारिकेमुळे. तिचे आईवडील, नाइटिंगेल दांपत्य, इटलीत प्रवासात असताना 1819 मध्ये नेपल्सला थोरली मुलगी झाली. तिला त्या शहराचे प्राचीन ग्रीक नाव पार्थेनोपी दिले. 12 मे 1820 रोजी धाकटी फ्लॉरेन्समध्ये जन्मली, तिला या शहराचे. थोरलीचे नाव घरापुरते राहिले. क्रिमियन युद्धात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयातील कामाने धाकटीची कीर्ती झाली आणि इंग्लंडमध्ये मुलींची नावे फ्लॉरेन्स ठेवण्याची लाटच आली. तिचा जन्मदिवस आता आंतरराष्ट्रीय परिचारिका दिन म्हणून पाळतात. आज नुसते ‘फ्लॉरेन्स’ म्हटले की अनेकांना आधी तीच आठवते, शहर नंतर.

अमेरिकेत या नावाची गावे बरीच आहेत, पण सर्वांचे मूळ एक नाही. अलाबामातील फ्लॉरेन्सला इटालियन मोजणीदार फेर्दिनान्द सान्नोनेर याने टस्कनीतील शहराचे नाव दिले. दक्षिण कॅरोलायनातील फ्लॉरेन्स मात्र एका मुलीच्या नावावरून आले : रेल्वे कंपनीचे अध्यक्ष विल्यम हार्ली यांच्या कन्येच्या. शहराचे नाव माणसाला लागले आणि माणसाचे पुन्हा शहराला.

मराठी वाचकाने या शहरातील आणखी एका नावाची दखल घ्यायला हवी. कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडचा दौरा आटोपून परतताना 30 नोव्हेंबर 1870 रोजी येथे निधन पावले. वय अवघे वीस वर्षांचे. शहर तेव्हा इटलीची राजधानी होते. सरकारी परवानगीने आर्नो आणि मुन्योने यांच्या संगमावर त्यांचे हिंदू विधीने दहन झाले. तेथेच, काशीने उद्यानाच्या टोकाला, 1874 मध्ये छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा बसविण्यात आला. शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर. फ्लॉरेन्सकरांच्या तोंडी मात्र राजारामांचे नाव बसले नाही. ते स्मारकाला ‘इन्दियानो’, म्हणजे हिंदी माणूस, म्हणतात. जवळच 1970 च्या दशकात बांधलेल्या तारांच्या पुलाचे नावही त्यावरूनच पडले. कोल्हापुरात राजाराम कॉलेजमुळे महाराजांचे नाव रोजच्या बोलण्यात आहे. फ्लॉरेन्समध्ये त्यांच्या नावाऐवजी देशच उरला. उफीझी कलादालनातील चित्रे पाहायला जाणाऱ्या मराठी प्रवाशाने अर्धा दिवस काशीनेसाठी राखून ठेवावा.