गहाणकर्ज, परदेशस्थ मालमत्तेवरील : (मेक्सिको)

परक्या देशातील घर वा जमीन विकत घेण्यासाठी त्याच मालमत्तेच्या तारणावर काढलेले कर्ज. स्थावर मालमत्तेला ती जेथे असते तेथील कायदा लागू होतो, हे खाजगी आंतरराष्ट्रीय कायद्याचे सर्वमान्य तत्त्व आहे. त्यामुळे धनको व ऋणको एका देशात आणि तारण दुसऱ्या देशात असल्यास कर्जाची सुरक्षितता मुख्यतः त्या दुसऱ्या देशाच्या कायद्यावर अवलंबून राहते. मेक्सिकोच्या किनाऱ्यावर अमेरिकन व कॅनडियन नागरिकांनी घेतलेली घरे हे याचे बोधप्रद उदाहरण होय.

टेक्ससचे स्वातंत्र्य (१८३६) व अमेरिकेशी झालेले युद्ध (१८४६–४८) यांमुळे मेक्सिकोने आपला सुमारे निम्मा भूप्रदेश गमावला. पुढे पोर्फिर्यो दीआस (कार. १८७७–८० व १८८४–१९११) यांच्या राजवटीत परकीय कंपन्यांनी विस्तीर्ण जमिनी संपादन केल्या. या अनुभवातून क्रांतिकाळातील १९१७ च्या संविधानाच्या २७ व्या अनुच्छेदाने सरहद्दीपासून १०० किमी. व समुद्रकिनाऱ्यापासून ५० किमी. पट्ट्यातील जमिनीची थेट मालकी परकीयांना नाकारली. या पट्ट्याबाहेर जमीन घेणाऱ्या परकीयासही, त्या मालमत्तेबाबत आपण स्वतःस मेक्सिकन नागरिक मानू व आपल्या सरकारचे संरक्षण मागणार नाही, असे लिहून द्यावे लागते. अर्जेंटिनाचे विधिज्ञ कार्लोस काल्व्हो (१८२४–१९०६) यांच्या विचारांवरून या अटीला ‘काल्व्हो कलम’ म्हणतात.

पर्यटनास उपयुक्त असा किनारा नेमका या प्रतिबंधित पट्ट्यात येत असल्याने परकीय भांडवलासाठी वेगळा मार्ग शोधणे भाग पडले. लुईस एचेव्हेर्रिआ यांच्या अध्यक्षीय कारकीर्दीत १९७१ मध्ये ‘फिदेइकोमिसो’ या न्यासाच्या पद्धतीला मान्यता मिळाली व १९७३ च्या परकीय गुंतवणूक कायद्याने ती पक्की झाली. तीनुसार मेक्सिकन बँक विश्वस्त म्हणून मालमत्तेची कायदेशीर मालकी धारण करते. परकीय ग्राहक हिताधिकारी असून त्यास ती वापरण्याचा, भाड्याने देण्याचा, विकण्याचा व वारसास ठेवण्याचा हक्क असतो. न्यासाची मुदत प्रथम ३० वर्षे होती. १९९३ च्या कायद्याने ती ५० वर्षे व नूतनीकरणक्षम करण्यात आली.

मालकी बँकेच्या नावे असल्यामुळे ग्राहकास नेहमीच्या रीतीने गहाणखत करून देणे अवघड होते. परदेशी न्यायालयातून तारणाची विक्री करून घेणे वेळखाऊ व अनिश्चित असल्याने अमेरिकन बँकाही दीर्घकाळ या व्यवहारांपासून दूर राहिल्या. त्यामुळे बहुतेक ग्राहक रोखीने खरेदी करीत, विक्रेत्याकडून हप्ते बांधून घेत किंवा स्वदेशातील घरावर कर्ज काढीत. डिसेंबर १९९४ मध्ये पेसोचे अवमूल्यन झाले आणि डॉलरचा सुमारे ३·५ पेसोंचा भाव मार्च १९९५ मध्ये ७ पेसोंच्या आसपास गेला. व्याजदर भडकून पेसोतील गृहकर्जही दुर्मिळ झाले. २००० मधील कायदेदुरुस्तीने तारण-न्यासाची व्यवस्था सुधारून न्यायालयाबाहेर वसुलीची तरतूद केली. धनकोस न्यासातील प्रथम हिताधिकारी करता येऊ लागल्याने डॉलरमधील कर्जांना चालना मिळाली. २००८ च्या वित्तीय अरिष्टानंतर मात्र हा ओघ आटला.

न्यासाने मूळ मालकीहक्कातील दोष दूर होत नाही. एन्सेनादाजवळील पुंता बांदा येथे अनेक अमेरिकन कुटुंबांनी ‘एहिदो’ या सामूहिक भूधारक संस्थेकडे असलेल्या जमिनीवर भाडेपट्ट्याने घरे बांधली होती. ती जमीन मूळच्या खाजगी मालकांची असल्याचा निर्णय मेक्सिकोच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला आणि ऑक्टोबर २००० मध्ये या रहिवाशांना घरे सोडावी लागली. त्यांनी पट्टेदारास दिलेला पैसा त्यांची घरे वाचवू शकला नाही. १९९२ च्या संविधानदुरुस्तीने एहिदो जमिनीचे खाजगी मालकीत रूपांतर शक्य झाले असले, तरी ते विहित पद्धतीनेच करावे लागते.

निवासासाठीच्या मालमत्तेवरील हा निर्बंध उठविणारा प्रस्ताव २०१३ मध्ये कनिष्ठ सभागृहाने संमत केला. परंतु सीनेटची संमती न मिळाल्याने तो बारगळला. गमावलेल्या भूमीची स्मृती व परकीय भांडवलाची गरज यांतील तडजोड, हेच फिदेइकोमिसोचे स्वरूप होय. या व्यवस्थेत कर्जाच्या अटींइतकीच जमिनीच्या मालकीची परंपरा तपासणे धनको व ऋणको या दोघांनाही अगत्याचे ठरते.