पेशखाना

सुटीच्या दिवसांत मुलाबाळांना घेऊन एखाद्या जलाशयाच्या कांठीं किंवा डोंगराच्या पायथ्याशीं दोन रात्री तंबूंत काढाव्या, ही हौस आतां आपल्या सुशिक्षित कुटुंबांत चांगलीच रुजली आहे. पवनेच्या कांठीं किंवा भंडारदऱ्यास जाऊन आलेल्या मंडळींचें बोलणें ऐकलें म्हणजे त्यांचे दोन तट पडलेले दिसतात. एका तटास सारेंच रम्य वाटलेलें असतें. दुसऱ्यास ओल, डांस, रडणारें मूल आणि न पेटणारी चूल यांपलीकडे कांहीं आठवत नाहीं. स्थळ तेंच, चांदणेंहि तेंच. मग हा फरक कशानें पडतो? या प्रश्नाचें उत्तर आम्हांस इतिहासांत सांपडतें, आणि मोंगल दरबारानें त्यासाठीं एक नेमका शब्दहि ठेवला आहे. तो शब्द म्हणजे पेशखाना.

पेश म्हणजे पुढें, खाना म्हणजे घर. बादशहाजवळ डेऱ्यांचे दोन सारखे संच असत. एका संचांत तो आज रात्रीं निजे, तेव्हां दुसरा उद्यांच्या मुक्कामाकडे रवाना झालेला असे. स्वारी पुढच्या मुक्कामीं पोहोंचे तों तेथें जमीन सपाट केलेली, कनाती ताणलेल्या, गालिचे पसरलेले आणि पाणी गार होऊन राहिलेलें असे. थकल्याभागल्या लेंकरांना घेऊन आलेल्या बेगमांना खुंट्या ठोकल्या जाईपर्यंत उन्हांत ताटकळावें लागत नसे. एवढीच ती युक्ति. पण ती साधण्यास त्या घराण्याला तीन पिढ्या लागल्या, आणि तिचा उगम विलासांत नसून हालअपेष्टांत आहे.

बाबराचें घराणें मुळांतच डेऱ्यांत वाढलेलें. राज्य गेलें तरी डेरा राही, आणि डेऱ्याबरोबर बायकामुलें फिरत. बाबराची कन्या गुलबदन बेगम १५२९ सालीं काबूलहून आग्र्यास आली, तेव्हां ती सहा-सात वर्षांची होती. म्हातारपणीं अकबराच्या सांगण्यावरून तिनें ‘हुमायूंनामा’ लिहिला. राजकारणाच्या अभ्यासकांना या ग्रंथांत तारखांचे घोटाळे दिसतात, ते आहेतच. परंतु आम्हांस तो प्रिय आहे तो निराळ्या कारणानें. त्या लांबच्या प्रवासांतून सहा वर्षांच्या पोरीच्या मनांत काय उरलें, तें तिनें लिहून ठेवलें आहे. घाट उरले नाहींत, नद्या उरल्या नाहींत. उरलें तें हें, कीं पालनकर्ती माहम बेगम येत असल्याचें कळतांच बाप घोड्याचीहि वाट न पाहतां पायींच सामोरा निघाला. आणि मुक्कामीं थोरामोठ्यांनीं आपलें कौतुक करून भाजलेलें मांस, रोट्या, सरबत व फळें पुढें मांडलीं. जवळजवळ साठ वर्षांनीं तिला त्या सरबताची आठवण आहे! मुलांना कोठें नेलें यापेक्षां तेथें आपलें स्वागत कसें झालें, हें त्यांच्या ध्यानांत राहतें.

याच्या उलट चित्र चौदा वर्षांनंतरचें आहे. १५४३ सालीं राज्यभ्रष्ट हुमायून हल्लींच्या क्वेट्ट्याच्या आसपास तळ देऊन असतां भाऊ अस्करी चालून येत असल्याची बातमी आली. पळावयाचें, तर घोडे पुरेसे नाहींत. पत्नीसाठीं एका सरदाराजवळ घोडा मागितला, त्यानें तो देण्याचें नाकारलें, असें गुलबदन सांगते. अखेर सव्वा वर्षाच्या अकबराला दायांच्या स्वाधीन करून हुमायून आणि हमीदा बानू इराणकडे निघून गेलीं. अस्करीनें मुलाला कंदाहारास नेलें. त्याच्या बायकोनें तें मायेनें वाढविलें. आईबापांची पुन्हां भेट झाली ती दोन वर्षांनीं, काबुलांत. पेशखाना तर राहोच, उद्यांचा मुक्काम कोठें हेंहि ठाऊक नसलेल्या कुटुंबाची ही छावणी.

आतां त्याच अकबराच्या कारकीर्दींतलें अबुल फजलाचें ‘आईन-इ-अकबरी’ उघडावें. त्यांत छावणीचा स्वतंत्र आईन आहे, आणि तो वाचतांना एखाद्या काटेकोर गृहिणीची यादी वाचल्याचा भास होतो. एका तळासाठीं १०० हत्ती, ५०० उंट, ४०० गाडे आणि १०० भोई. डेरे उभारणारे फरास १,०००, जमीन साफ करणारे बेलदार ५००, भिस्ती १००, सुतार ५०, चामड्याचें काम करणारे ३०. आणि झाडूवाले १५०. हा शेवटचा आंकडा आमच्या वाचकांनीं मुद्दाम लक्षांत घ्यावा. बादशाही निवासाभोंवतीं ‘गुलालबार’ नांवाचें आवार घालीत. त्याची लांबीरुंदी शंभर गजांहून कमी कधीं नसे. चाळीस गज उंच खांबावर ‘आकाशदिवा’ टांगीत, आणि तो खांब सोळा तणाव्यांनीं आवळलेला असे. पिण्याचें पाणी गंगेचें. स्वारी आग्र्याकडे असली तर सोरोंहून, पंजाबांत असली तर हरिद्वाराहून, मोहोरबंद घागरींतून येई. तें गार करण्यास सोरा वापरीत.

या सगळ्यापेक्षां आम्हांस महत्त्वाची वाटते ती डेऱ्यांची मांडणी. ती प्रत्येक मुक्कामीं तीच. मध्यभागीं, सर्वांत सुरक्षित जागीं, बादशहाची आई, आत्या गुलबदन बेगम आणि धाकटा शहाजादा दानियाल. उजवीकडे सलीम, डावीकडे मुराद. पलीकडे सरदार आपापल्या ठरलेल्या जागीं. ही आई म्हणजे तीच हमीदा बानू, आणि ही आत्या म्हणजे ती सरबताची आठवण ठेवणारी पोर. ज्याला तान्हेपणीं तळावर सोडून आईबापांना पळावें लागलें, त्यानें आपल्या छावणीचा नकाशा आंखतांना आई, आत्या आणि धाकटें मूल हींच मधोमध ठेवलीं. अबुल फजल याचें कारण सांगत नाहीं. आम्हांस तें सांगण्याची गरजहि वाटत नाहीं.

ही व्यवस्था चालती असतां पाहणारा चांगला साक्षीदार म्हणजे फ्रेंच वैद्य फ्रांस्वा बर्निए. दानिशमंद खानाच्या पदरीं राहून त्यानें औरंगजेबाबरोबर काश्मीरचा प्रवास केला. त्याच्या पत्रांवर १६६४-६५ हीं सालें आहेत; दरबारी इतिहास ही स्वारी १६६२-६३ ची धरतात. तो वाद येथें नको. ही स्वारी मोहीम नव्हती. बादशहा मोठ्या दुखण्यांतून उठला होता, वैद्यांनीं हवापालट सुचविला होता, आणि बहीण रोशनआरा बेगमेला थाटानें मिरवावयाचें होतें. थोडक्यांत, दिल्लीच्या उन्हाळ्यास कंटाळलेल्या एका कुटुंबाची ही सुटीच होती.

बर्निए सांगतो कीं पेशखान्यास साठांहून अधिक हत्ती, दोनशें उंट, शंभर खेंचरें आणि शंभर हमाल लागत. जड डेरे हत्तींवर, हलके उंटांवर, स्वयंपाकाचीं भांडीं खेंचरांवर. आणि चिनी मातीचीं भांडीं, रंगीत पलंग असल्या नाजुक वस्तु माणसांच्या डोक्यावर. छावणी प्रथम पाहणाऱ्यास गोंधळ वाटे, पण मांडणी रोज तीच असल्यामुळें पांचसहा दिवसांत नवखाहि आपला डेरा शोधून काढी. अडचण पडे ती संध्याकाळीं. हजारों चुलींत ओल्या गोवऱ्या, उंटांच्या लेंड्या आणि हिरवीं लांकडें एकदम पेटत, आणि वारा पडला असला तर धुरानें हाताला हात दिसेनासा होई. अशा वेळीं बर्निए एकाहून अधिक वेळां वाट चुकला, आणि त्याला आकाशदिव्याच्या खांबाचा आश्रय करावा लागला. चाळीस गजांचा तो खांब बडेजावासाठीं नव्हता, हें येथें समजतें. रात्रभर पहारेकरी ‘खबरदार’ म्हणून हांका देत फिरत. स्वतः बर्निएची मागणी बेताची: बाजारांतली वाळूमिश्रित भाकरी आणि गढूळ पाणी यांना कंटाळून त्यानें आपल्या आश्रयदात्याकडून रोजची एक ताजी रोटी आणि गंगाजळाची एक सुरई एवढें मागून घेतलें. सुरईला ओलें फडकें गुंडाळून ती वाऱ्यावर हालवीत ठेवली कीं पाणी थंड राहतें, हें तो युरोपांतील मित्राला कौतुकानें कळवितो.

परंतु बर्निएच्या वृत्तांतांत आमचें मन गुंततें तें भिंबरास. येथें मैदान संपतें आणि पीर पंजाळ सुरू होतो. पुढें काश्मिरांत एवढ्या जमावाला पुरेल इतका दाणागोटा नाहीं, वाट अरुंद, हत्तीउंटांना अवघड. म्हणून बादशहानें मुख्य छावणी भिंबरास ठेवली आणि मोजकेच सरदार, मोजक्याच स्त्रिया, मोजकेच हत्ती घेऊन तो वर चढला. सामान तेवढें हजारों हमालांच्या पाठीवर गेलें. पेशखाना धाडणें हें खजिन्याचें काम आहे. पैका असला कीं तें होतें. भिंबरास थांबून, ‘हें आणि हे येथून पुढें येणार नाहींत’, असें आपल्याच माणसांना सांगणें याला पैका उपयोगी पडत नाहीं. आमच्या समजुतीनें सुखाच्या मुक्कामाचें खरें मर्म त्या दुसऱ्या गोष्टींत आहे.

आणि तेथेंहि थोडें चुकलेंच. मोजके म्हणून घेतलेले हत्तीसुद्धां जास्त ठरले. पीर पंजाळाच्या चढावर स्त्रियांना घेऊन जाणाऱ्या रांगेंतला पहिला हत्ती समोरचा उभा चढ पाहून बुजला आणि मागें सरला; तो दुसऱ्यावर, दुसरा तिसऱ्यावर, असे पंधरा हत्ती दरींत कोसळले. स्त्रिया तीनचारच दगावल्या. हत्ती मात्र एकहि वांचला नाहीं. दोन दिवसांनीं बर्निए तेथून गेला तेव्हां कांहींची सोंड अजून हालत होती. अंबारींत बसून घाट चढण्याची कल्पना त्या स्त्रियांची खचित नव्हती. त्यांना कोणी विचारलेंहि नसेल.

हाच औरंगजेब १६८१ सालीं दक्षिणेंत उतरला तो परत गेला नाहीं, आणि या वेळीं भिंबरहि आला नाहीं. छावणी वाढतच गेली. १६९५ सालीं कृष्णेकांठीं गलगलें येथें इटालियन प्रवासी जेमेल्ली कारेरी यानें ती पाहिली, तेव्हां तिचा घेर तीस मैलांचा असल्याचें त्याला सांगण्यांत आलें. असलें चालतें शहर कोठें वसवावें, हें ठरविणाऱ्या अंमलदाराला आमच्या नद्यांचा स्वभाव ठाऊक नव्हता. १७०० च्या ऑक्टोबराच्या आरंभीं, सांगोल्याच्या बाजूस माण नदीच्या कांठीं खवासपूर येथें तळ असतां रात्रीं अकस्मात् पूर आला. माणसें, जनावरें, डेरे वाहून गेले. गडबडींत बादशहा पाय घसरून पडला आणि त्याचा गुढघा निखळला. तो पुढें जन्मभर लंगडत चालला. कोरडें पात्र पाहून कांठावर तंबू ठोकणारे आजहि कांहीं कमी नाहींत.

मराठ्यांची गोष्ट याहून जवळची, म्हणून अधिक बोंचणारी. शिवछत्रपतींचा नियम सभासदानें नमूद करून ठेवला आहे: लष्करांत बायको, बटीक, कलावंतीण कोणी बाळगूं नये, बाळगील त्याची गर्दन मारावी. नियम कठोर खरा, पण हा भिंबरचाच निर्णय, आणि तोहि घरून निघण्यापूर्वींच घेतलेला. पुढें राज्य विस्तारलें, पुण्यांत डेरे, कनाती, जाजमें ठेवण्यास स्वतंत्र फरासखाना झाला (त्या नांवाची पोलीसचौकी आज पुणेकरांच्या परिचयाची आहे, नांवाचा अर्थ किती जणांस ठाऊक असेल कोण जाणे), आणि मराठी छावणीनें मोंगली छावणीचें बहुतेक सारें उचललें.

१७६० च्या मार्चांत सदाशिवरावभाऊ परतूराहून उत्तरेकडे निघाले तेव्हां त्यांच्याबरोबर पत्नी पार्वतीबाई होत्या, सरदारांचीं कुटुंबें होतीं, आणि फौजेच्या आश्रयानें तीर्थयात्रा घडेल म्हणून निघालेले हजारों लोक होते. अठरा-एकोणीस वर्षांचे नाना फडणीस आईला आणि पत्नीला घेऊन याच हेतूनें निघाले होते. त्या लोकांना आम्ही दोष देऊं शकत नाहीं. काशी, प्रयाग, कुरुक्षेत्र पाहण्याची अशी संधि कोणास कितीदां येणार? भरतपूरच्या सुरजमल जाटानें भाऊंस सल्ला दिल्याचें सांगतात कीं, जड तोफा, बाजारबुणगे आणि कुटुंबें माझ्या किल्ल्यांत ठेवा आणि सडे होऊन लढा. तो मानला गेला नाहीं. ऑक्टोबरच्या अखेरीस अब्दाली बागपताशीं यमुना उतरला, दिल्लीची वाट तुटली, आणि पानिपताच्या तळावर बायकामुलें दोनअडीच महिने अडकून पडलीं. डिसेंबरांत गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदेची उरलीसुरली आशाहि संपली. तेथें खंदक होता, डेरे होते, कनाती होत्या, दाणा नव्हता.

१४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळीं जें झालें तें सर्वांस ठाऊक आहे. नाना फडणीस वांचले; त्यांच्या मातोश्री परत आल्या नाहींत. पार्वतीबाई आणि जे कांहीं हजार लोक जीव घेऊन दक्षिणेकडे निघाले, ते थंडींत, उपाशी, अंगावरच्या वस्त्रानिशीं सुरजमल जाटाच्याच मुलखांत पोहोंचले. त्यानें त्यांना अन्न दिलें, वस्त्रें दिलीं, आणि बरोबर माणसें देऊन ग्वाल्हेरीकडे मार्गस्थ केलें.