आंतर-व्हीलॅन राउटिंग

आंतर-व्हीलॅन राउटिंग म्हणजे निरनिराळ्या आभासी स्थानिक जाळ्यांत (व्हीलॅन) विभागलेल्या सबनेटांमध्ये माहितीची पॅकेटे पोहोचवण्याची व्यवस्था होय. हे काम पूर्वी स्वतंत्र राउटरकडे असे. तिसऱ्या, म्हणजे आयपी पत्त्यांच्या, स्तरावर काम करणारा मॅनेज्ड स्विच ते स्वतःच करू शकतो. राउटिंगला मराठीत 'मार्गनिर्धारण' म्हणता येईल, परंतु तंत्रज्ञांच्या बोलण्यात मूळ शब्दच रुळला आहे आणि या लेखातही तोच वापरला आहे.

पार्श्वभूमी

व्हीलॅनची कल्पना १९८० च्या दशकात बेलकोर या अमेरिकी संशोधनसंस्थेतील डब्ल्यू. डेव्हिड सिन्कोस्की यांनी मांडली. तिचे मानक, आयईईई ८०२.१क्यू, १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार इथरनेटच्या प्रत्येक चौकटीत ४ बाइटांची खूण घालता येते. या खुणेतील १२ बिट व्हीलॅनचा क्रमांक सांगतात, त्यामुळे ४०९४ क्रमांक वापरता येतात. सर्वसाधारण प्रथेनुसार एका व्हीलॅनला एक सबनेट दिले जाते.

विभागणीमुळे एका गटातील सर्वांना उद्देशून केलेली पुकार (ब्रॉडकास्ट) दुसऱ्या गटापर्यंत जात नाही. मात्र त्याबरोबर आवश्यक संवादही थांबतो, आणि तो पुन्हा सुरू करण्यासाठी राउटिंग लागते. राउटर आणि स्विच यांना एकाच ट्रंक जोडणीने बांधणे हा यावरील जुना उपाय. त्यात दोन व्हीलॅनमधील प्रत्येक पॅकेट त्याच तारेवरून राउटरकडे जाऊन परत येते, त्यामुळे तेथे कोंडी होते. तिसऱ्या स्तरावरील स्विचमध्ये हा निर्णय खास इलेक्ट्रॉनिक चिपमध्येच घेतला जात असल्याने ती टळते.

कार्यपद्धती

एखाद्या महाविद्यालयात कार्यालयासाठी १९२.१६८.१०.०/२४ आणि प्रयोगशाळेसाठी १९२.१६८.२०.०/२४ ही सबनेटे आहेत असे समजू. तिरप्या रेघेपुढील २४ हा आकडा पत्त्याचे पहिले २४ बिट जाळ्याचे असल्याचे सांगतो. उरलेल्या ८ बिटांत २५४ यंत्रांना पत्ते देता येतात. कार्यालयातील १९२.१६८.१०.२५ या संगणकाला प्रयोगशाळेतील १९२.१६८.२०.४० या प्रिंटरशी बोलायचे असल्यास तो प्रथम आपल्या सबनेट मास्कशी तो पत्ता ताडून पाहतो. पत्ता आपल्या गटातील नाही हे कळताच पॅकेट डिफॉल्ट गेटवेकडे, म्हणजे १९२.१६८.१०.१ या पत्त्याकडे, सोपवले जाते. हा पत्ता स्विचच्याच आभासी इंटरफेसचा (एसव्हीआय) असतो. स्विच पॅकेटाचे आयुष्य दर्शवणारा आकडा (टीटीएल) एकाने कमी करतो, जुने हार्डवेअर पत्ते काढून नवे घालतो आणि पॅकेट दुसऱ्या व्हीलॅनमध्ये पाठवतो. आयपी पत्ते मात्र बदलत नाहीत.

मांडणी

प्रथम व्हीलॅन निर्माण करून पोर्ट त्यांत वाटले जातात, नंतर प्रत्येक व्हीलॅनच्या इंटरफेसला पत्ता दिला जातो. एवढ्याने काम पुरे होईलच असे नाही. सिस्कोच्या कॅटलिस्ट श्रेणीतील अनेक स्विचांवर 'आयपी राउटिंग' ही आज्ञा स्वतंत्रपणे द्यावी लागते. ती दिल्यावर पूर्वी नोंदवलेला स्विचचा 'डिफॉल्ट गेटवे' निरुपयोगी होतो आणि त्याऐवजी ०.०.०.०/० हा डिफॉल्ट मार्ग लिहावा लागतो. व्हीलॅनमध्ये एकही पोर्ट चालू नसेल तर तिचा इंटरफेस सहसा बंदच राहतो. रिकाम्या व्हीलॅनवर चाचणी घेणारा नवखा माणूस येथे हमखास बुचकळ्यात पडतो. केलेली मांडणी वेगळी आज्ञा देऊन जतन करावी लागते, अन्यथा वीज जाताच ती पुसली जाते.

आयपी पत्ते वाटणारा डीएचसीपी सर्व्हर दुसऱ्या सबनेटमध्ये असल्यास संगणकाची पुकार त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. त्यासाठी स्विचवर डीएचसीपी रिले चालू करतात.

परतीचा मार्ग

राउटिंग एकतर्फी नसते, आणि बहुतेक अपयशांचे मूळ येथेच सापडते. स्विच आणि इंटरनेटकडे जाणारा राउटर १९२.१६८.१.०/३० या छोट्या सबनेटने जोडलेले आहेत असे मानले, तर या सबनेटमधील दोनच वापरण्याजोगे पत्ते त्या दोघांकडे असतात. स्विचवरून इंटरनेटला पिंग केल्यास उत्तर येते, पण कार्यालयातील संगणकाला येत नाही. स्विचचा पत्ता राउटरच्या थेट ओळखीचा असतो, तर १९२.१६८.१०.० हे सबनेट कोणत्या दिशेला आहे हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. राउटरवर दोन्ही सबनेटांसाठी स्विचच्या दिशेने स्थिर मार्ग लिहिणे आणि पत्ता-रूपांतराच्या (नॅट) नियमांत ती सबनेटे समाविष्ट करणे हा त्यावरील उपाय आहे.

जोडणीसाठी वेगळे छोटे सबनेट न घेता राउटरला संगणकांच्याच सबनेटमध्ये ठेवले, तर जाण्याची आणि येण्याची वाट भिन्न होऊ शकते. संवादाची अर्धीच बाजू दिसल्यामुळे फायरवॉल ती पॅकेटे नाकारतो. असा दोष अधूनमधूनच प्रकट होत असल्याने तो शोधणे विशेष कष्टाचे असते.

पिंगचे उत्तर नाही म्हणून राउटिंग चुकले, असा निष्कर्षही घाईचा ठरतो. विंडोज प्रणालीचा अंगभूत फायरवॉल दुसऱ्या सबनेटमधून आलेला पिंग बहुधा स्वीकारत नाही.

सुरक्षितता

राउटिंग चालू होताच स्विचला ठाऊक असलेली सर्व सबनेटे परस्परांना खुली होतात. विद्यार्थ्यांच्या प्रयोगशाळेपासून कार्यालयाच्या नोंदी दूर ठेवण्याच्या हेतूने व्हीलॅन केल्या असतील, तर तो हेतूच येथे निष्फळ ठरतो. वाहतूक रोखण्यासाठी प्रवेश-नियंत्रण सूची (एसीएल) लावावी लागते. परंतु स्विचवरील अशा सूची सामान्यतः प्रत्येक पॅकेट सुटे तपासतात आणि आधीचा संवाद स्मरणात ठेवत नाहीत. म्हणून प्रयोगशाळेकडून कार्यालयाकडे जाणारे सर्व काही अडवले, तर कार्यालयाने प्रयोगशाळेतील प्रिंटरला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तरही अडते. जेथे संवादाचा मागोवा ठेवणे अत्यावश्यक आहे, तेथे त्या सबनेटचे राउटिंग स्विचऐवजी फायरवॉलकडेच ठेवले जाते.