खारबंदिस्ती
भरतीचे खारे पाणी बांधाने अडवून खाजण जमीन लागवडीस आणण्याची पद्धती. कोलशेतजवळून वाहणाऱ्या उल्हास नदीच्या खाडीपासून पेण-अलिबागपर्यंत उत्तर कोकणच्या सखल भागात ती रूढ होती.

खाडीच्या बाजूस चिखलमातीचा बांध घालून त्यात लाकडी झडपांची उघाडी बसवीत. भरतीच्या दाबाने झडपा मिटत व ओहोटीस आतील पाणी बाहेर जाई. पावसाने क्षार धुऊन गेले, की रहू म्हणजे मोड आणलेले बी फेकून खाऱ्या भाताची पेरणी करीत. बांधास मुख्य धोका अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाचा व खेकड्यांच्या बिळांचा असे. एक खांड पडली, तरी सर्व शेत नापीक होई. म्हणून बांधाची देखभाल सामायिक असावी लागे.

जमीन उठविणारे शिलोत्री बाह्य बांध राखीत आणि त्याबद्दल कुळांकडून ठराविक भात घेत. पुढे कूळकायद्याने कुळे मालक झाली. शिलोत्र्यांचा बांधांशी असलेला संबंध सुटला. मुंबई खारजमीन अधिनियमान्वये (१९४८) यासाठी मंडळ नेमण्यात आले व १९७९ च्या महाराष्ट्र अधिनियमाने हे काम शासनाकडे आले. तथापि शासकीय दुरुस्तीस विलंब झाला, तर खांडीतून शिरलेल्या पाण्यात कांदळवन वाढते. २००५ पासून न्यायालयीन आदेशाने त्यास संरक्षण असल्याने अशी शेते पुन्हा लागवडीस आणणे दुष्कर झाले आहे. बांधाइतकेच तो राखणाऱ्या व्यवस्थेचे सातत्यही महत्त्वाचे, हे यावरून स्पष्ट होते.