माशांतील पारा आणि दडलेलें सत्य



नंदुरबारच्या बाजारांत मासे घेतांना जाणती गृहिणी आधीं कल्ला उचलून पाहते. तो तांबडा असला कीं मासा ताजा. ही परीक्षा खरीच आहे. परंतु माशांतील एक दोष असा आहे कीं, तो डोळ्यांना दिसत नाहीं, नाकाला कळत नाहीं आणि चुलीवर जळतहि नाहीं. तो दोष म्हणजे पारा. मनुष्याला तो कसा कळला, आणि कळूनहि किती उशिरां सांगितला गेला, हा इतिहास आज आपणांपुढें ठेवावयाचा आहे.

जपानांत मिनामाता नांवाचें गांव आहे. तेथील चिस्सो कंपनीच्या कारखान्यांत १९३२ सालापासून ॲसिटाल्डिहाइड हें रसायन पाऱ्याच्या साहाय्यानें तयार होऊं लागलें, आणि सांडपाणी उपसागरांत सोडलें जाऊं लागलें. त्यांतील सेंद्रिय पारा सूक्ष्म जीवांतून लहान माशांत, लहानांतून मोठ्यांत असा सांचत गेला. प्रथम मांजरें वेड्यासारखीं नाचून मरूं लागलीं. मग कोळ्यांचे हात कांपूं लागले, दृष्टि अधू झाली, वाचा अडखळूं लागली. १ मे १९५६ रोजीं कारखान्याच्याच इस्पितळानें ह्या अज्ञात रोगाची वर्दी आरोग्य कचेरीस दिली. १९५९ च्या जुलैंत कुमामोतो विद्यापीठानें सेंद्रिय पाऱ्याकडे बोट दाखविलें. त्याच वर्षीं इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर होसोकावा ह्यांनीं कारखान्याचें सांडपाणी एका मांजरास अन्नांतून दिलें, आणि त्यालाहि तोच रोग जडला. कंपनीनें ही गोष्ट दडपली. सरकारनें खरें कारण मान्य केलें तें २६ सप्टेंबर १९६८ रोजीं! दरम्यान, वरकरणी निरोगी दिसणाऱ्या मातांच्या पोटींहि पंगु बालकें जन्मलीं.

हें दूरदेशींचें झालें, असें कोणी म्हणेल. पण ठाण्याच्या खाडींतील पाऱ्याविषयीं आपल्या समुद्रशास्त्रज्ञांचा निबंध १९८१ सालींच प्रसिद्ध झालेला आहे. शिवाय पाऱ्याला कारखानाच लागतो असेंहि नाहीं. धरणानें जमीन बुडाली म्हणजे कुजणाऱ्या पालापाचोळ्यांत सूक्ष्म जंतु वाढतात, व मातींतील मूळच्या पाऱ्याला सेंद्रिय रूप देतात. कॅनडांत ला ग्रांद नदीवरील जलाशय १९७८ पासून भरूं लागले, तेव्हां शिकारी माशांतील पारा अनेक पटींनीं वाढला. तो उतरावयास दशकें लागलीं. मात्र तेथें मासे तपासून, कोणता किती खावा हें क्री आदिवासींना सांगण्यांत आलें.

आपल्या जिल्ह्यांत अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांतील गांवें सरदार सरोवरांत बुडालीं. तो जलाशय २०१९ सालीं प्रथमच पूर्ण उंचीपर्यंत भरला. शहरांतील आपण मासे कधीं तरी खातों. त्या पाण्यांत जाळें टाकणाऱ्याचें तें नित्याचें अन्न आहे. म्हणून तेथील मासे नियमानें तपासले जावे, आणि निष्कर्ष भिली-पावरींतून घरोघर सांगितला जावा.

मासे सोडा, असें माझें म्हणणें मुळींच नाहीं. तारली, बांगडा, रोहू खुशाल खावे. गर्भवती स्त्रिया, अंगावर पाजणाऱ्या माता व लहान मुलें ह्यांनीं मात्र मुशीसारखे मोठे शिकारी मासे टाळावे. मिनामातेंत सत्य कोणालाच ठाऊक नव्हतें असें नाहीं. ज्याच्या ताटांत तो मासा पडत होता, त्याच्यापर्यंत तें कोणी पोंचविलें नाहीं.